पाखऱ्या पटात पळाला नाही तो दिवस

फुलंब्री रस्त्याच्या वळणावर मी करकचून ब्रेक दाबला, तरी समोरचा पांढराशुभ्र बैल जागचा हलला नाही. हॉर्न दिला, तर त्यानं नुसते कान हलवले. मागून एक तरुण धापा टाकत आला.

“भिऊ नका मॅडम, लई गरीब हाय आमचा पाखऱ्या.”

“गरीब नाही... त्याला दिसत नाहीये.”

तीन वर्षं झाली. मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात नवीनच डॉक्टर म्हणून आले होते. माझं ते बोलणं ऐकून त्या तरुणानं, शिवराजनं, माझ्याकडं असं रागानं पाहिलं होतं — आठवलं की अजून हसू येतं.

पाखऱ्या आदल्या वर्षी शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पहिला आलेला. आता तो गोल गोल फिरायचा, भिंतीला डोकं लावून उभा राहायचा, दात खायचा. घरच्यांना वाटलं, नजर लागली. मी रक्त तपासायला पाठवलं, तर त्यात शिसं निघालं! शेताच्या बांधाला कुणीतरी फोडलेल्या बॅटऱ्यांचं भंगार टाकलं होतं, आणि पाखऱ्या रोज ते चाटायचा.

भंगार उचललं. मी रोज सकाळी इंजेक्शन द्यायला जाऊ लागले. हिवाळ्याचं कोवळं ऊन, गोठ्यात कडब्याचा वास... आणि सुई टोचली की शिवराजचे ओठ बैलाच्या कानाशी.

“काय सांगता त्याला रोज?”

“तुमची तक्रार.”

“माझी?”

“व्हय. टोचता अन् लगेच निघून जाता.”

मी बॅग आवरायचं निमित्त करून खाली पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बॅग आवरायला मला जरा जास्तच वेळ लागू लागला.

मग पट जवळ आला. पाखऱ्याला जुंपा म्हणून सगळा गाव मागं लागला.

“पळंल का?” शिवराजनं हळूच विचारलं.

“पळेल. पण नजर अजून अधू आहे. पडला तर... पाठोपाठ तुम्हीही पडाल.” शेवटच्या शब्दाला माझा आवाज कापला. त्यानं एकदा पाखऱ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

पटाच्या दिवशी मला राहवेना. मैदानावर जाऊन एकेक जोडी पाहिली. पाखऱ्या कुठंच नव्हता. तशीच स्कूटी गोठ्याकडं पळवली.

लांबून हलगी ऐकू येत होती. पाखऱ्या खूर आपटत होता आणि शिवराज त्याच्या गळ्यात हात टाकून उभा होता. डोळे ओले.

“नाय नेला,” तो म्हणाला. “पुन्हा नंबर नाय आला तरी चालंल... हा पाहिजे.”

मी शेवटचं इंजेक्शन दिलं. “झालं. आता रोज यायची गरज नाही.”

तो दावं बोटाला गुंडाळत राहिला.

“श्रेया... उद्या येशील?”

पहिल्यांदाच ‘मॅडम’ नव्हतं, ‘तुम्ही’ही नव्हतं. माझे कान तापले.

“उद्या कुणाला तपासायचंय?”

“मला.”

मी हसले. बॅग खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

“उद्या कशाला?” मी म्हणाले. “आज आहे की मी — चहा टाक.”