नोरहोम मलमाची चोरी

बिर्गितचे दोन्ही हात पलंगाच्या कडांना पट्ट्यांनी बांधले होते. सोडले असते तर पोरीने अंगावरची उरलीसुरली कातडी ओरबाडून काढली असती. शेजारच्या खाटेवर तशीच कातडी फुटलेला छोटा मेस तापाने फणफणला होता.

डॉ. आस्टा केल्गोरने बिर्गितच्या मानेवरची पट्टी उचलली. इसब पुन्हा पसरला होता.

"मागच्या आठवड्यात हसत जेवत होती," सिस्टर टोवे म्हणाली. "मलम तेच, तेवढंच लावतेय मी. आता हिच्या आईला काय तोंड दाखवू?"

आस्टाने ट्यूब प्रयोगशाळेत पाठवली. दुपारी उत्तर आलं. ट्यूबमध्ये औषध नव्हतंच. होतं ते नुसतं व्हॅसलीन.

मलम बनवणारी नोरहोम कंपनी ठाऊक नाही असं घर ओडेन्से शहरात नव्हतं. म्हाताऱ्या नोरहोमने इसबाने पिडलेल्या आपल्या तान्ह्या मुलासाठी दुकानामागे डांबराचं मलम घोटलं, मुलगा बरा झाला, आणि त्याचाच गुबगुबीत चेहरा डब्यावर छापून कंपनी उभी राहिली. तोच मुलगा, आक्सेल, आता मालक होता. कंपनीच्या या नव्या मलमातलं औषध युद्धानंतर परदेशातून चिमूट-चिमूट येई, म्हणून तयार होईल ते सगळं सर्वांत गंभीर पोरांच्या या वॉर्डात यायचं. पहिली पेटी लागू पडली. दुसरी आली आणि पोरं खालावली.

"पेटी कोण आणतं?" आस्टाने विचारलं.

"खुद्द मालक. कुलूप लावलेली. भारी घमेंडखोर माणूस. हात मिळवतानासुद्धा हातमोजा काढत नाही."

आस्टा तडक कारखान्यात गेली. रसायनशास्त्रज्ञ उल्डुम यंत्रापाशी उभा होता.

"ट्यूब कोण भरतं?"

"मी."

"आणि बंद कोण करतं?"

"यंत्र. शेपटाला दोन सरळ घड्या पडतात."

आस्टाने प्रयोगशाळेतून परत आलेली ट्यूब खिशातून काढून पुढे केली. उल्डुमने ती उजेडात धरली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "ही पकडीने दुमडलीय. दातांचे वळ दिसतात."

"तुम्ही मालकावर चिडून आहात, असं ऐकलं."

"आहे. मलम शोधलं मी, वर्तमानपत्रात नाव त्यांचं. पण म्हणून पोरांच्या जिवावर उठेन?"

आस्टाने ट्यूब परत खिशात ठेवली. ती त्याला घेऊन मालकाच्या खोलीत गेली.

आक्सेल नोरहोमने सगळं ऐकून घेतलं. स्वतः कॉफी ओतली, दोन बोटांनी साखरेचे खडे उचलून तिच्या कपात टाकले. त्याच्या हातांची कातडी कोवळी, गुलाबी होती.

"पोलिसांना बोलवा," तो म्हणाला. "उल्डुमशिवाय दुसरं कोण असणार?"

"उल्डुमना चोरायचं असतं तर भरतानाच व्हॅसलीन भरलं असतं," आस्टा म्हणाली. "यंत्राने घड्या घातल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. ट्यूब मागून उघडली कुणी? जो भरत नाही त्याने. वॉर्डात आम्ही उघडली म्हणाल, तर मी पेटीतल्या सीलबंद ट्यूबही पाहिल्या. त्यांच्यावरही पकडीचे वळ आहेत. कारखाना आणि वॉर्ड यांच्यामध्ये पेटी एकाच माणसाकडे असते."

"माझ्याच कंपनीचं मलम मी कशाला चोरू? मागितलं असतं."

"कुणाकडे मागितलं असतंत? मागताना काय सांगितलं असतंत? साहेब, आज तुमचे हातमोजे कुठे आहेत?"

आक्सेलने कपाखालची बशी पुढे-मागे सरकवली.

"बाही वर करा."

त्याने बाहीची गुंडी काढली. मनगटापर्यंत सगळं भरून आलं होतं. वर कोपरापर्यंत लाल, फुटलेलं, ओलं.

"मी कधीच बरा झालो नव्हतो," तो म्हणाला. "सहाव्या वर्षी पुन्हा उठलं. वडील म्हणाले, बाही खाली कर. तेव्हापासून खालीच आहे. कारखान्यातल्या सगळ्या कामगारांच्या चुली माझ्या कातडीवर पेटतात, डॉक्टर. कुणाला सांगणार होतो?"

"उरलंय किती?"

त्याने खणातून एक बरणी काढली, पण हातातून सोडेना. "थोडं राहू द्या. बोटभर. मला झोप येत नाही हो."

आस्टाने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"मालक," उल्डुम हळूच म्हणाला, "मला सांगायचं होतंत. तुमच्यासाठी वेगळं केलं असतं मी. कुणाला बोललो नसतो."

आक्सेलने दोन्ही हातांत तोंड झाकलं. आस्टा बरणी घेऊन धावतच बाहेर पडली.

बिर्गित वाचली. मेसला बरणी पोचायला उशीर झाला होता. जखमांमधलं विष रक्तात गेलं होतं; त्याच रात्री तो गेला.

खटल्यात आक्सेलचा वकील त्याच्या दुखण्याबद्दल बोलू लागला, तेव्हा आक्सेलने वकिलाला खाली बसवलं. "ते सांगू नका," तो म्हणाला. "त्या मुलालाही तेच दुखणं होतं."