वॉर्डातला फोन

हसा, हसा लेको. पण गोष्ट माझ्या सख्ख्या साडूची आहे आणि शेवटाला मी स्वतः हजर होतो. ऐका आणि मग झोपायला जा. झोप लागली तर!

साडू इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. कामाला चोख, पण महा चालढकल्या. आम्ही त्याला उद्याबुवाच म्हणायचो. आता या लोकांना नोंदणी टिकवायची तर अधूनमधून नवं शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. उद्याबुवाने ती ढकलत ढकलत शेवटच्या तारखेवर आणली. एकतीस तारीख, शनिवार, कडाक्याची थंडी आणि नेमकी नाइट ड्यूटी. बाराच्या आत कॉम्प्युटरवर परीक्षा झाली नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे नोकरीच गेली. बायकोने निघताना बजावलं होतं, "आज तरी उरका हो, पोरींकडे बघून."

अकराच्या सुमारास बायकांच्या वॉर्डातून एका आजीबाईंच्या रक्ताची नळी आली. ती मशीनला लावून हा परीक्षेला बसला. पावणेबाराला मशीन ओरडलं. पोटॅशियम सात पॉइंट दोन. म्हणजे हृदय कधीही बंद पडेल. अशा वेळी वॉर्डला लगेच फोन करायचा, पलीकडच्याने आकडा परत म्हणून दाखवायचा आणि आपण 'बरोबर' म्हणायचं, अशी पद्धत.

स्क्रीनवर प्रश्न होता, धोक्याचा रिझल्ट आल्यास प्रथम काय कराल? उद्याबुवाने उत्तर निवडलं, 'ताबडतोब फोन.' उत्तर बरोबर आलं. मग तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. थोडेच तर राहिले होते.

बाराला दोन मिनिटं असताना पास झाला. मग फोन उचलला.

रिंग वाजली... वाजत राहिली... कुणीतरी उचलला.

"सिस्टर, आजींचं पोटॅशियम सात पॉइंट दोन."

पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज.

"सात... पॉइंट... दोन."

"बरोबर. डॉक्टरांना उठवा लगेच."

"कधीची उठवतेय, बाळा..."

"मग?"

"कुणी ऐकतच नाही..."

फोन बंद.

दारात वॉर्डची सिस्टर उभी. धापा टाकत.

"त्या आजींचा रिपोर्ट राहू दे आता. गेल्या त्या. दहा मिनिटं झाली."

"अहो, मी आत्ता तुमच्या फोनवर..."

"कुठल्या फोनवर? आमचा संध्याकाळपासून बंद पडलाय."

वेळेवर फोन केला असता तर तो लागत नाही, हे तरी कळलं असतं. वॉर्ड एक जिना वर. धावत गेला असता. हे तो मला रडत रडत सांगत होता आणि खरं सांगतो, मला त्याचा संतापच आला. दया आली ती नंतर.

आठवड्याने लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या जुन्या नळ्या टाकायच्या होत्या. हा फ्रीजला हात लावेना. मला सोबत घेऊन गेला. मीच एकेक नळी काढली. सगळ्या गारठलेल्या. मग आजींची हातात घेतली...

कोमट होती. अंगातून आत्ताच काढल्यासारखी.