घासून काढलेले दाते

बाळंतिणीला समहान डोंगराच्या कड्यावरचाच मध हवा, आणि तोही चाळीस दिवसांच्या आत! तुफूलला मुलगा झाला होता, म्हणून तिचे वडील मुसल्लम, भाऊ बखीत आणि नवरा महाद असे तिघे कड्याकडे निघाले. मुसल्लम दोरावरून खाली उतरणार होते. दोर धरण्याचा मान या खेपेला पहिल्यांदाच जावयाला मिळाला होता.

मान म्हटला की काम आलंच. दोर धरणाऱ्यानं उतरणाऱ्याचा चाकू घरी नेऊन पाजवायचा, आणि उतरणाऱ्यानं तो उघडूनही न पाहता कमरेला खोचायचा, ही तिथली रीत. उघडून पाहिला तर दोर धरणाऱ्याचा अपमान! मुसल्लमांचा चाकू घडीचा. टोकाकडे सरळ धार, मुठीकडे दोर कापायला करवतीसारखे दाते. त्या दात्यांची एकेक खाच बारीक गोल कानशीनं, तीही एकाच अंगानं घासावी लागते. महादला कुठला एवढा दम! त्यानं अख्खं पातं दोन्ही अंगांनी दगडावर खसाखसा ओढलं. हातावरचे केस सफाचट निघाले, तेव्हा गडी खूश झाला. मग दाते सपाट झालेले दिसले आणि त्यानं चाकू घाईघाईनं मिटून टाकला.

"दाते जपलेस ना रे?" कड्यावर चाकू घेताना मुसल्लमांनी विचारलं.

"हो, मामा."

सासऱ्यांनी चाकू तसाच मिटलेला खोचला. त्यांनी तो उघडला असता तर बरं, असं महादला वाटत राहिलं. पण बोलायला तोंड उघडेना.

खाली दरीत धुकं साचलं होतं, धुक्यापलीकडे समुद्र चमकत होता, आणि ऊदाच्या झाडाच्या बुंध्याला वेढा दिलेला दोर महादच्या हातातून हळूहळू सरकत होता. खालून हाक आली, "परातीएवढं पोळं आहे रे!"

त्यांनी पोळं हातानंच मोडून सोबत नेलेला डबा भरला, तेवढ्यात वारा फिरला. पोळ्याखाली धरलेला धूर उडाला. माश्या उठल्या!

"ओढा! वर ओढा!"

दोघांनी जोर लावला. खालून किंकाळी आली. मधाचा भरलेला डबा कपारीत रुतला होता आणि त्याच्या दोराचा फास मुसल्लमांच्या पायाला बसला होता.

"थांबा! डब्याचा दोर कापतो!"

महादनं वाकून पाहिलं. मुसल्लमांनी चाकू उघडला. एकदा फिरला, दोनदा फिरला. दोर तुटेना! ती केस काढणारी पातळ धार कागदासारखी दुमडली असणार. म्हाताऱ्याच्या तोंडावर माश्यांचा काळा थर बसला होता.

"महाद! दाते कुठे गेले?"

बखीत त्याच्याकडे बघत राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं महादला झालं.

"मी घासले, मामा! सगळे घासले! धारही दुमडली असेल, पातं कड्याच्या दगडावर खरवडा, खरबरीत झालं की कापेल!"

खालून दगडावर पात्याचा नुसता खर्र खर्र आवाज येत राहिला. मग डब्याचा दोर तुटला! डबा मधासकट दरीत गेला, आणि दोघांनी मुसल्लमांना वर ओढून घेतलं.

"दाजी, केसच काढायचे होते तर न्हावी काय मेला होता?" बखीत ओरडला.

"गप. पाणी दे." मुसल्लमांचा एक डोळा पार मिटला होता.

"अजून पोळं आहे. मी उतरतो," महाद म्हणाला.

"नको. मध राहू दे. माणसं घरी जाऊ देत."

दारात तुफूल मुलाला घेऊन उभी होती. "मध?"

"पोळं रिकामं होतं, पोरी," मुसल्लम म्हणाले.

"रिकाम्या पोळ्याच्या माश्या इतक्या चावतात, बाबा?"

सासरे आपल्यासाठी खोटं बोलले, ही लाज महादला सोसवेना. मान खाली घालून त्यानं सगळं सांगून टाकलं. चाकू, दाते, 'हो, मामा', सगळं. बोलणं संपल्यावर त्यानं सवयीनं मुलासाठी हात पुढे केले.

तिनं क्षणभर त्या हातांकडे पाहिलं, आणि मूल आपल्या वडिलांच्या हातात दिलं.