सूर्यफुलाच्या राशीत

शेंद्र्याच्या तेल कारखान्यात सत्यशीला दुपारपाळीची प्रमुख होती. उंच लोखंडी कोठीतून सूर्यफुलाचं बी नळीवाटे खाली यायचं, टरफलं निघायची, गर वाफेवर शिजायचा आणि पोलादी घाण्यांत चिरडून तेल गळायचं. उरलेल्या पेंडीतलं तेल पलीकडच्या इमारतीत हेक्झेन या द्रावकानं धुऊन काढत. दिवसाला तीनशे टन बी. गडगडाट एवढा, की शेजारच्याशीही खुणेनंच बोलावं लागे.

त्या दुपारी ती कोठीखाली बियांचा नमुना घ्यायला गेली. झाकण उघडून नळीत हात घातला, आणि अगदी कानाशी कुणीतरी बोललं.

"बंद कर, बाई..."

कोरडा, दमलेला आवाज. ती गर्रकन वळली. मागं कुणीच नव्हतं. त्या गोंगाटात कुजबुज ऐकू यावी तरी कशी? नळीतलं बी मात्र एकाएकी गार पडलं होतं.

"आत माणूस हाय..."

तिनं धावत जाऊन लाल बटण दाबलं. पट्टे, पंखे, घाणे एकेक करून थांबले. एवढी शांतता तिनं तिथं एकदाच ऐकली होती, घाण्यात उजव्या हाताचं एक बोट गमावलेला जुना कामगार याच कोठीत बुडून मेला त्या दिवशी.

व्यवस्थापक श्रीरंग पळत आले. "काय केलंस हे? गर जळेल, घाणे जाम होतील!"

"सर, कोठीत माणूस हाय."

"कुणी सांगितलं?"

ती कोठीच्या शिडीकडे वळली. "खोटं निघालं तर उद्यापासून येत नाय मी. पण आधी वर चला."

कोठीच्या तोंडातून विजेरीचा झोत खाली सोडला. काळ्या राशीत फक्त एक चेहरा दिसत होता. कोठ्या साफ करणारा गोकुळ! चिकटलेलं बी मोकळं करायला एकटाच उतरला होता आणि पायाखालची रास सरकली होती. हनुवटीपर्यंत बुडाला होता.

"वढू नका, बरगड्या मोडतील!" म्हणत सत्यशीलानं कमरेला दोर बांधला आणि स्वतः आत उतरली. राशीवर फळ्या टाकून त्यांवर बसून तिनं त्याच्याभोवती गोल पत्रे खोचले आणि पत्र्यांच्या कड्यातलं बी डब्यानं उपसायला घेतलं. छाती सुटली. कंबर सुटली. दोन तासांनी गोकुळ वर आला, तेव्हा खाली जमलेल्या माणसांनी असा जल्लोष केला की अख्खी शेड घुमली. त्याची बायको पारूबाई सत्यशीलाच्या गळ्यात पडली. श्रीरंगांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "तू थांबवलंस म्हणून वाचला गं!" सत्यशीला रडत होती आणि हसतही होती. एवढं मोठं यश तिच्या हातून कधी घडलं नव्हतं.

गोकुळ घोटभर पाणी प्यायला. मग तिचा हात धरून हळूच म्हणाला, "ताई, आता त्यालाबी काढा की."

"कुणाला?"

"खाली हाय तो... त्याच्याच खांद्यावर उभा व्हतो मी. नायतर कवाच बुडालो असतो."

संध्याकाळपर्यंत कोठी पार रिकामी केली. तळाशी धुळीशिवाय काही नव्हतं.

दवाखान्यात गोकुळची पँट वर सारली, तर दोन्ही घोट्यांभोवती बोटांचे वळ उठले होते. डाव्या घोट्यावर पाच. उजव्यावर चारच.