थंडीत ठेवलेली गोधडी

काही खोटं बोलत नाही मी, जाऊन सांग तुझ्या बापाला. म्हणे भुतंबितं नसतात, जावयांना मान मिळाला नाही म्हणून कुरापत काढतायत. मान घाला चुलीत! त्या रात्री तुझा बाप घोरत पडला होता. तिथे उभा होता माझा साडू. फ्रीज दुरुस्त करणारा माणूस तो, त्याला भुताखेताशी काय देणंघेणं? बसा सगळे. दार लोटून घ्या आणि ऐका.

तुमचा आजोबा, आमचा सासरा, जन्मभर त्या म्युझियमच्या बागेत माळी. कडाक्याच्या थंडीतही पहाटे पाण्याची नळी धरून उभा. गरम कोट मागितला तर साहेब म्हणाला, बजेट नाही. मग म्हाताऱ्याने आपल्याच फाटक्या खाकी कपड्यांची गोधडी शिवली. तीच पांघरून मेला. आणि महिना उलटला नाही तोच तुझ्या बापाने ती उचलून त्याच म्युझियमला दिली. का? तर काचेखालच्या पाटीवर आपलं नाव येणार. आता ती कला झाली म्हणे. म्हातारा कुडकुडत होता तेव्हा कुठे गेली होती यांची कला?

तिथली रीत अशी, की बाहेरून आलेलं कापड प्लास्टिकच्या पिशवीत सील करायचं आणि खोलीएवढ्या फ्रीजरमध्ये पंधरा दिवस गोठवायचं. त्यातली कापड खाणारी कसर मरते. संशोधनवाल्या मॅडमचा हुकूमच आहे तसा.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला साडूला फोन आला. फ्रीजर आतून तापतोय, अलार्म वाजतोय, ये. साडू गेला. बागेतून मागच्या दाराने आत शिरला. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं ओलांडून तळघराशी आला, तर वॉचमन जिन्यावरूनच म्हणाला, "मिस्त्री, लवकर आटपा. आत मॅडमच्या संशोधनाच्या बियाही आहेत. त्या खराब झाल्या तर मॅडम आपल्याला जमिनीत पेरतील."

साडू एकटाच खाली उतरला. स्वेटर काढून खिळ्याला अडकवला आणि कामाला लागला. कॉम्प्रेसर ठीक. गॅस ठीक. दाराचं रबर ठीक. काटा मात्र वर चढतच होता.

आतून खोकला आला.

दोनदा आखूड, मग घसा खाकरणं. सासऱ्याचा खोकला ओळखायला काय शाळेत जावं लागतं?

"मामा?" साडू म्हणाला.

...

"मामा, मी आहे."

आत दात वाजत होते. कटकट... कटकट...

"बाहेर काढ रे."

एवढंच. आवाजात राग नाही. बागेतला नळ बंद कर म्हणून सांगायचा, अगदी तसं.

साडूचा हात कडीवर गेला. थांबला. पिशवीचं सील तोडलं तर नोकरी जाणार. घरी दोन मुली शिकतायत. त्याने... त्याने बटण फिरवलं. थंडी वाढवली.

काटा खाली.

दात... हळू.

मग... काहीच नाही.

साडू तसाच पळाला. थेट माझ्या दारात आला, स्वेटर तिथेच टाकून, नुसत्या शर्टावर. मी त्याला नको नको ते बोललो. पण तो येऊन रडला तरी. तुझा बाप रडला का?

सकाळी मॅडमने फ्रीजर उघडला. पिशवीचं सील जसंच्या तसं. कुठे कापलेलं नाही, कुठे चिकटवलेलं नाही. आत गोधडी. आणि गोधडीवर साडूचा स्वेटर. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली.

तुझा बाप म्हणतो, मिस्त्रीनेच थट्टा केली. असेल थट्टा. मग मॅडम स्वेटर परत देतेय, तर साडू घेत का नाही? म्हणतो, मामांचा आहे तो आता.

गोधडी अजून तिथेच आहे. बोलू नकोस मध्ये. आम्हा जावयांना तिथे कोण विचारतं? रक्ताचा माणूस लागतो. तू थोरला नातू. सकाळी त्यांचं फाटक उघडायच्या आधी तिथे जाऊन उभा राहा. बापाला विचारत बसू नकोस. गोधडी घेऊन ये.