ओलं वॉर्निश

ती खरं तर कपडे वाळत घालायचा स्टँड आणायला गेली होती. जुन्या सामानाच्या दुकानात स्टँड मिळाला नाही, टेबल मिळालं. तपकिरी रंगाचे जाड थर चढवलेलं, एका पायाने किंचित लंगडं. ते पाहिलं आणि तिने त्याच्या कडेवरून हात फिरवला. बारकीचं अभ्यासाचं टेबल! बारकी, तिची एकुलती एक मुलगी, जाऊन दोन वर्षं झाली होती. टेबल नवऱ्याने त्याच महिन्यात, तिला न विचारता, विकून टाकलं होतं. त्यावरून ती त्याच्याशी अजूनही सरळ बोलत नसे.

ती टेबल घेऊन घरी आली तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. “अगं, असली टेबलं शंभर असतात.”

“रंगाखाली बघू,” ती म्हणाली.

रंगाखाली एक मासा असायला हवा होता. बारकीने कर्कटकाने कडेला कोरलेला. लहानपणी दारात चेमटून तिची उजवी करंगळी अर्धी तुटली होती, त्यामुळे कर्कटक हातात नीट बसत नसे आणि माशाची शेपटी वाकडी झाली होती. त्या माशापायी बारकीने पाठीत धपाटा खाल्ला होता. तो धपाटा आईला आता जन्मभर पुरणार होता.

चार दिवस ती रंग खरवडत होती. मग पॉलिश पेपर. बोटांची सालटी निघाली, लाकूड उघडं पडलं. मासा नव्हता.

कोपऱ्यावरच्या सुताराने टेबल उलटं करून पाहिलं. “वहिनी, बारकीचं टेबल मीच केलं होतं. सांध्यांत लाकडी खुंट्या मारल्या होत्या. याला खिळे आहेत. दुसऱ्या कुणाचं तरी आहे हे.”

“सुतारभाऊ, वॉर्निश किती पातळ करायचं तेवढं सांगा.”

सुताराने टेबल सरळ केलं. जाताना एवढंच म्हणाला, “एक हात पुरता वाळू द्या, मगच दुसरा. ओल्यावर ओलं चढवलं तर ते कधीच वाळत नाही.”

तिने लाकडाला रंग देणारा स्टेन लावला, तो मुरल्यावर वॉर्निशचा पहिला हात दिला आणि धूळ बसू नये म्हणून बारकीच्या खोलीला बाहेरून कडी घातली. दुपारी कडी काढून पाहते तर कडेजवळ हातांचे दोन छोटे पंजे उमटलेले. कुणीतरी वहीवर ओणवं व्हावं तसे. तिला भीती वाटली नाही. ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

वॉर्निश वाळलं तसे पंजे विरून गेले. मग तिने ते वाळूच दिलं नाही. दिवसाला चार-चार हात. टेबलाशी खुर्ची मांडली. “ये गं, बस. आई आता रागावत नाही.” दर वेळी खुर्ची थोडी मागे सरकलेली असे. थिनरच्या वासात आणखी एक वास मिसळू लागला, बरेच दिवस न उपसलेल्या टाकीसारखा. आठवड्यानंतर पहिल्यांदाच तिला भूक लागली.

एका दुपारी नवरा लवकर घरी आला आणि सरळ खोलीत शिरला. पंजे पाहून जागच्या जागी थिजला.

“हे... तू केलंस?”

“बारकीने.”

त्याने आपला हात पंजावर, न टेकवता, धरला. मग आवाज अगदी खाली गेला. “नीट बघ... करंगळी पुरती आहे. बारकीची अर्धी होती गं...”

तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने फक्त डोळ्यांना तिकडे जाऊ दिलं नव्हतं.

“सुताराला सांगतो. आत्ताच्या आत्ता घेऊन जाऊ दे,” असं म्हणत तो फोन करायला बाहेर गेला.

ती तिथेच राहिली. ब्रश बुडवला, दोन्ही पंजे पुसून टाकले, टेबल गुळगुळीत केलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे खुर्ची सरकली... वास दाटून आला... ती वळली.

दोन पंजे. दोन्ही करंगळ्या अर्ध्या.

जे कोणी होतं, ते त्यांचं बोलणं ऐकत होतं. ते बारकी नव्हतं. बाहेर नवरा सुताराला लवकर यायला सांगत होता. ही खोली पुन्हा रिकामी होणार होती, आणि ते तिला सोसणार नव्हतं.

तिने दाराला आवाज न करता आतून कडी घातली. खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली.

“उजवी,” ती कुजबुजली. “फक्त उजवी, बाळा...”

ओल्या वॉर्निशमध्ये डावी करंगळी हळूहळू लांब होऊ लागली.