रेषेची चुगली

शिरूरला आले होते ती माझ्या तान्ह्या मल्हारला लसीचा डोस द्यायला. दवाखान्यातून निघताना वाटलं, एसटी स्टँडजवळच तर ह्यांचं ऑफिस... जरा डोकावून जावं. न सांगता.

दार ढकललं आणि पाय तिथंच थबकले. इंद्रजीत — माझे मिस्टर — खुर्चीत बसून मोबाईल बघत होते. आणि एक मुलगी त्यांच्या केसांत बोटं घालून, मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज लावलेला पट्टा डोक्यावर नीट बसवत होती!

"अरे इंद्रजीत, हलू नकोस ना!"

अरे? मी बायको असून अजून चारचौघांत 'अहो' म्हणते...

"तू? इथं?" ह्यांनी वर पाहिलं. "ही... ही ऋतिका. पुण्याहून आपलं फुलांच्या भावाचं ॲप तपासायला आलीय. पट्टा मेंदूतले सिग्नल पकडतो. ॲप वापरताना माणूस वैतागला, की लॅपटॉपवरची रेषा उसळते."

"वहिनी, तुम्हीच बसा ना," ऋतिका हसली. "शेवंती लावणाऱ्या घरातलं कुणीतरी हवंच होतं मला."

बसले. मल्हार ह्यांच्या कडेवर गेला. गार पाणी कानामागं ओघळलं. समोर भावाचं पान — शेवंती, झेंडू, गुलछडी... मोठी, टपोरी अक्षरं. ह्या एका पानासाठी हे गेला सगळा उन्हाळा खपले होते.

पण माझे कान मागं!

"अरे, डोळे अगदी तुझ्यासारखे आहेत की ह्याचे!"

वळून पाहिलं. सख्ख्या आत्याकडं न जाणारा माझा मल्हार तिच्याकडं झेपावत होता.

थोड्या वेळानं ऋतिकानं लॅपटॉप पाहिला आणि ओठ चावला. "इंद्रजीत, भावाच्या पानावर वहिनी जाम वैतागल्यात रे. हे पान काढावं लागेल. तसा रिपोर्ट देते मी."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

मी पट्टा ओढून काढला. "पान झकास आहे. त्याला हात लावू नका. राग मला... तुमचा आला."

"माझा?"

"तुमच्या 'अरे'चा. ह्यांच्या केसांतल्या बोटांचा. आणि ह्या गद्दाराचा!" मी मल्हारला ओढून घेतलं. डोळे उगाच भरून आले.

ऋतिका खो खो हसली. "थांबा हां... इंद्रजीतच्या रेषेतही एक उसळी आहे. पट्टा हलला असेल म्हणून मी ती सोडून देणार होते. पण ही तर... तुम्ही दार उघडलंत तेव्हाची!"

"आनंदाची?" मी हळूच विचारलं.

"आनंद की धसका, ते एवढ्यावरून नाही सांगता येत."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"दोन्ही," ते म्हणाले.

घरी जाताना गाडीवर मल्हार आम्हा दोघांच्या मध्ये झोपून गेला. घोड नदीच्या पुलावर वारा सुटला होता. मी पुढं झुकले, अगदी त्यांच्या कानाशी.

"अरे इंद्रजीत..."

गाडी अशी डुगडुगली!

"काय... काय म्हणालीस?"

"काही नाही हो," मी म्हटलं, "उसळी बघत होते."